पुन्हा शेती झालेलं गाव

सातारा जिल्ह्यात भूमी अभिलेख खात्यात तेहतीस वर्षं मोजणीचं काम केलं. बांधाच्या भांडणात दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्या, पावसाळ्यात चिखलातून मोजणीच्या साखळ्या ओढल्या. निवृत्त झाल्यावर लेकीकडे अमेरिकेत गेलो की ती विचारते, "बाबा, या वेळी काय बघायचं?" तिला वाटतं मी नायगारा म्हणेन. या खेपेला म्हटलं, "एक गाव बघायचंय, आता तिथं काहीच नाही." तिनं माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. ही म्हणाली, "जाऊ दे गं, घरी बसून तरी काय करणार आहेत!"

गावाचं नाव न्यू फिलाडेल्फिया. इलिनॉय राज्यात, पाइक काउंटीत, इलिनॉय आणि मिसिसिपी या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात. १८३६ साली ते वसवलं फ्रँक मॅकवर्टरनं, म्हणजे गुलाम म्हणून जन्मलेल्या माणसानं. अमेरिकेत यादवी युद्धाच्या आधी काळ्या माणसानं रीतसर मोजणी करून, नकाशा नोंदवून वसवलेलं हे पहिलं गाव मानतात. त्यात काळे आणि गोरे शेजारी शेजारी राहायचे. पण खरं सांगू? मला 'रीतसर मोजणी' या दोन शब्दांनीच ओढून नेलं.

पहिला दिवस, शुक्रवार: स्प्रिंगफील्ड

लेकीचं घर ब्लूमिंग्टनला. तिथून स्प्रिंगफील्ड तासाभरावर, दोन्ही बाजूंना वाळत आलेला मका. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा, तरी ऊन आपल्या ऑक्टोबरसारखं चटके देणारं.

स्प्रिंगफील्ड म्हणजे लिंकनचं गाव. त्याचं घर पाहिलं, चांगलं जपलंय. त्यावर सगळेच लिहितात, म्हणून मी थांबत नाही. माझा पाय अडकला तो रेल्वेमार्गाजवळच्या एका जागेपाशी. ऑगस्ट १९०८ मध्ये इथं गोऱ्यांच्या जमावानं काळ्यांची वस्ती जाळली आणि दोन काळ्या माणसांना झाडाला टांगून मारलं. त्यातला एक विल्यम डॉनेगन. ऐंशी ओलांडलेला चांभार, बायको गोरी. राज्याच्या विधानसभेपासून थोड्याच अंतरावर राहायचा. या दंगलीच्या धक्क्यातून पुढच्या वर्षी काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारी एनएएसीपी ही संघटना उभी राहिली. जळालेल्या घरांचे पाये अलीकडे रेल्वेच्या कामात उघडे पडले आणि २०२४ मध्ये ती जागा राष्ट्रीय स्मारक झाली.

लेक म्हणाली, "लिंकनच्या गावात?" मी म्हटलं, उद्या जिथं जायचंय तिथं याच्या सत्तर वर्षं आधी काळ्या माणसानं गोऱ्यांना प्लॉट विकले. हिशेब जुळत नव्हता खरा.

जेवायला इथला 'हॉर्सशू' मागवला. म्हणजे टोस्टवर मांसाची टिक्की, त्यावर तळलेल्या बटाट्याच्या काड्यांचा ढीग आणि वरून चीजचा रस्सा. होय, रस्साच. ही शाकाहारी, तिला भाज्यांची टिक्की घालून दिली. नातवानं निम्मा टाकला. सूचना: 'पोनीशू' मागवा, तो याच्या निम्मा असतो आणि तोही एकाला भारी पडतो.

दुसरा दिवस, शनिवार: न्यू फिलाडेल्फिया, बॅरी, पिट्सफील्ड

सकाळी आंतरराज्य ७२ धरून पश्चिमेला. इलिनॉय नदी ओलांडेपर्यंत जमीन ताटासारखी सपाट, नंतर उतार-चढ सुरू होतात. या महामार्गाच्या एका टप्प्याला मॅकवर्टरचं नाव दिलंय. आम्ही गप्पांच्या नादात ती पाटी हुकवली.

बॅरीच्या एक्झिटला उतरून गावच्या रस्त्यांनी काही मैल मागे पूर्वेला गेलो. मग एक फलक, एक छप्पर, एक पायवाट आणि गवत. नातू म्हणाला, "आजोबा, गाव कुठंय?" त्याचं चुकलं नव्हतं. जुन्या गावचं एकही घर जमिनीवर उरलेलं नाही. डिसेंबर २०२२ मध्ये ही जागा राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आली, तरी आम्ही गेलो तेव्हा चहाची टपरी सोडा, पाण्याचा नळही दिसला नाही.

सूचना: पाणी आणि खाणं बरोबर घ्या. पायघोळ पँट आणि मोजे घाला, गवतात गोचीड असतात आणि इकडच्या गोचिडांनी आजार होतात. मोबाइलवर जुनी घरं उभी करून दाखवणारी सोय आहे, पण भर उन्हात पडद्यावर माझाच चेहरा दिसत होता. सकाळी लवकर जा.

फलकावर गावचा नकाशा होता. मी त्यापुढे उभा राहिलो तो अर्धा तास हललो नाही.

४२ एकरांत १४४ प्लॉट. प्रत्येक प्लॉट ६० फूट बाय १२० फूट, म्हणजे आपले साडेसहा गुंठे आणि वर थोडं. प्लॉटांची बेरीज धरली तर २४ एकरांच्या आत-बाहेर, उरलेले १८ रस्त्यांना आणि बोळांना. मुख्य रस्ते ८० फुटी! आमच्या तालुक्याच्या गावात आजही अर्ध्या रस्त्यांवर दोन एसट्या समोरासमोर येऊ शकत नाहीत. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसानं हे योजलं, कारण काउंटीच्या मोजणीदारानं आखलेला नकाशा कचेरीत दाखल झाला की प्रत्येक तुकडा विकता येतो, हे त्याला पक्कं कळलं होतं.

आता त्याची गोष्ट सांगतो.

फ्रँकचा जन्म १७७७ चा, साउथ कॅरोलायनातला. आई जूडा आफ्रिकेतून आणलेली गुलाम. बाप बहुधा तिचा मालकच. पुढे मालकानं त्याला केंटकीला नेलं. तिथं १८१२ च्या युद्धाच्या वेळी बंदुकीच्या दारूला सोरा लागायचा. मालकाला ठरलेले पैसे देऊन उरलेल्या वेळात फ्रँक स्वतः सोरा काढू लागला. त्यातून पै-पै जोडून १८१७ साली त्यानं आधी बायको लुसीला सोडवलं, ८०० डॉलरला. आधी तिला का? ती गरोदर होती. आई गुलाम तर मूल गुलाम, असा कायदा. पोटातलं मूल मोकळं जन्मावं म्हणून बाप स्वतः आणखी दोन वर्षं गुलाम राहिला. १८१९ मध्ये त्यानं स्वतःला विकत घेतलं, तेही ८०० ला. त्याच्याच नावाचा एक मुलगा कॅनडाला पळून गेला होता. १८२९ साली त्याच्या सुटकेसाठी फ्रँकनं सोऱ्याचा सगळा कारखाना देऊन टाकला.

१८३० मध्ये केंटकी सोडून हे कुटुंब इथं आलं. इलिनॉय नावाला गुलामगिरीमुक्त राज्य. पण मोकळ्या काळ्या माणसानं राहायचं तर १००० डॉलरचा जामीन द्यायचा, मत द्यायचं नाही, गोऱ्याविरुद्ध कोर्टात साक्ष द्यायची नाही. १८३७ साली राज्याच्या विधानसभेनं खास कायदा करून त्याला मॅकवर्टर हे आडनाव आणि जमीन घेण्याचा, दावा लावण्याचा हक्क दिला. त्या सभागृहात तेव्हा सांगमन काउंटीचा एक तरुण आमदार बसायचा, लिंकन.

गावठाणाची ८० एकर सरकारी जमीन त्यानं एकरी सव्वा डॉलरनं घेतली. म्हणजे १०० डॉलर. इथं माझ्या डोक्यातली साखळी आपोआप पडली. अमेरिकेत जमीन सहा मैल बाय सहा मैलांच्या टाउनशिपमध्ये कापलेली, तिच्यात एकेक चौरस मैलाचे ३६ सेक्शन, एक सेक्शन ६४० एकरांचा. ६४० गुणिले सव्वा किती? बरोबर ८००. लुसीची किंमत म्हणजे या भावानं अख्खा एक सेक्शन, एक चौरस मैल जमीन. फ्रँकची तेवढीच. त्यानं स्वतःसह आपल्या १६ माणसांना सोडवलं, काहींना तर त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या मृत्युपत्रातल्या पैशातून. एकूण खर्च सुमारे १४,००० डॉलर. म्हणजे साडेसतरा सेक्शन, जवळजवळ अर्धी टाउनशिप. एवढी जमीन तो घेऊ शकला असता. त्यानं उलट केलं. जमिनीचे तुकडे विकून माणसं घेतली.

तिथंच एक काळं जोडपं भेटलं, सेंट लुईसचं. ते पोस्टातून निवृत्त, बाई शाळेतून. मी बोटानं नकाशा मोजतोय हे पाहून ते हसत जवळ आले. इंग्रजी माझं कामापुरतं, बाकी लेकीनं सांभाळलं. त्यांना मी शंकू साखळी समजावली. आमची ३३ फुटांची, सोळा आण्यांची, म्हणजे सोळा भागांची. तुमची ६६ फुटांची, म्हणजे बरोबर दुप्पट. दोन्ही एकाच साहेबाच्या घरच्या. त्यांना भारी मजा वाटली. मग बाईंनी सहज विचारलं, "तुमच्या गावांत सगळे मिसळून राहायचे का?"

काय सांगणार? मी गावठाणांचे नकाशे हातानं काढलेत. शाईनं त्यांवर 'महारवाडा', 'मांगवाडा' ही अक्षरं नीट वळणदार लिहिलीत, कारण जुन्या नकाशावर तशी होती आणि जुनी नोंद जशीच्या तशी उतरवायची, हा आमचा धर्म. वस्त्यांची ही नावं बदलण्याचा निर्णय राज्य सरकारनं घेतला तो २०२० च्या डिसेंबरात. मी तोवर निवृत्त झालो होतो. हे सगळं लेकीनं भाषांतर करून सांगितलं, जरा अडखळतच. बाई काही बोलल्या नाहीत. पुन्हा त्या फलकाकडे वळल्या. १४४ चौकोन आणि त्यात नुसते आकडे. कुठला प्लॉट कुणी घ्यायचा, हे नकाशा सांगत नव्हता.

आणि गाव तसंच भरलं. १८५० च्या खानेसुमारीत ५८ माणसं, त्यांत गोरे जास्त. सुतार, चांभार, चाकं करणारा, दुकानदार, डॉक्टर, शिक्षक, बाप्टिस्ट उपदेशक. १८६५ ला वस्ती १६० वर गेली. त्याआधी, १८५३ मध्ये, राज्यानं नव्या काळ्या माणसाला राहायला बंदी केली होती. दहा दिवसांपेक्षा जास्त राहिला तर ५० डॉलर दंड. युद्धाच्या शेवटी तो कायदा गेला. १८७४ च्या सुमारास इथं शाळा झाली, दोन्ही रंगांची पोरं एकाच खोलीत. त्याच्या आदल्या वर्षी जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' छापली आणि अमेरिकेत गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केली. फुल्यांचं मूळ गाव कटगुण आमच्याच जिल्ह्यात, खटावात. मी तिथं मोजणी केलीय. त्या माळावर हे आठवलं आणि थोडा वेळ गवतात बसलो. हिनं पाण्याची बाटली पुढे केली, तिला वाटलं चक्कर आली.

पण सगळं गोड करून सांगायचं नाही. शाळा एक होती, दफनभूमी वेगळी. गोऱ्यांची निराळी, काळ्यांची निराळी. जिवंतपणी शेजार, मेल्यावर शीव! हे वाचून मला परकं काहीच वाटलं नाही. फ्रँक १८५४ ला गेला, लुसी १८७० ला, नव्याण्णव वर्षांची होऊन. दोघंही इथल्या जवळच्या काळ्यांच्या दफनभूमीत आहेत. तिथं जायला शेतातून वाट, आणि परवानगीवाचून दुसऱ्याच्या रानात शिरायचं नाही, ही जन्माची सवय. रस्त्यावरूनच हात जोडले.

गाव मेलं कशानं? रेल्वेनं. १८६९ मध्ये हॅनिबलहून येणारी गाडी गावाला टाळून उत्तरेला साधारण मैलभरावरून वळसा घालून गेली. काही अभ्यासक म्हणतात, सरळ सोयीची रेघ सोडून हा वळसा घेण्यामागे गावाचा रंग होता. मी रेघा आखणारा माणूस. रेघ कुठून न्यायची हे नेहमी जमिनीच्या उतारावरच ठरतं असं नाही, एवढं मी शपथेवर सांगू शकतो. बायपास झाला की जुन्या रस्त्यावरच्या खानावळी कशा बसतात, हे पुणे-बंगळूर रस्त्यावर आपण पाहिलंच आहे. इथं गावच बसलं. १८८५ साली नकाशाचा बराचसा भाग कायद्यानं रद्द करून शेतीकडे वळवला. आमच्या भाषेत, एनए झालेली जमीन परत शेती. माझ्या तेहतीस वर्षांत असा एकही अर्ज टेबलावर आला नाही.

मग त्यावरून नांगर फिरले. २००२ पासून पुरातत्त्वाच्या लोकांनी शेतात पावला-पावलानं चालत काचा, खापरं, खिळे वेचले, नकाशावर टिपले आणि त्यावरून घरं कुठं होती ते शोधलं. पाये, तळघरं, विहिरी मिळाल्या. बटणं, बाहुल्यांचे तुकडे, आणि मातीच्या छोट्या चकत्या, ज्या आफ्रिकेतल्या मंकाला खेळातल्या सोंगट्या असाव्यात असं म्हणतात. (आपल्याकडे गावोगाव दगडात कोरलेले खड्डे दिसतात ना, त्याच जातीचा खेळ.) गंमत म्हणजे काळ्यांच्या घरातलं खापर आणि गोऱ्यांच्या घरातलं खापर यांत फारसा फरक नाही. एकाच दुकानातून घेतलेल्या बशा, त्या फरक काय सांगणार? २००९ मध्ये ही जागा राष्ट्रीय ऐतिहासिक वारसा ठरली ती याच खापरांच्या जोरावर.

निघताना शेजारच्या रानात मक्याचं यंत्र फिरत होतं. चालवणाऱ्यानं हात केला. आम्हीही केला.

दुपारी बॅरीत एका खानावळीत जेवलो. वाढणाऱ्या म्हाताऱ्या बाईनं विचारलं, "हरणाच्या शिकारीला आलात का? हंगामाला अजून अवकाश आहे." पाइक काउंटीत बाहेरचे लोक हरणांसाठीच येतात म्हणे. न्यू फिलाडेल्फियासाठी आलो म्हटल्यावर तिनं 'पाय' या इथल्या गोड पदार्थाचा एक तुकडा जास्त आणून ठेवला आणि बिलात धरला नाही. डुकराच्या मांसाचं सँडविच असं होतं की पाव मधोमध टोपीसारखा आणि मांस चारी बाजूंनी बाहेर. हिच्या वाट्याला चीज, बटाटे आणि तो गोड 'पाय'. सूचना: शाकाहारी असाल तर डब्यात थालीपीठ ठेवाच. आम्ही ठेवली होती, आणि गाडीत त्यांचाच फडशा पडला.

मग माझी फजिती. मूळ नोंदी जिल्ह्याच्या ठिकाणी, पिट्सफील्डच्या कोर्टहाऊसात असणार म्हणून मोठ्या उत्साहानं तिथं गेलो. चौकाच्या मध्यभागी दगडी, अष्टकोनी, देखणी इमारत. दाराला कुलूप. शनिवार! तेहतीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला शनिवारची सुट्टी आठवू नये? लेक इतकी हसली की रडायला लागली. मी इमारतीला एक प्रदक्षिणा घातली आणि गाडीत बसलो.

तिसरा दिवस, रविवार: क्विन्सी

रात्री धो धो पाऊस, सकाळी धुकं. मुक्काम मिसिसिपीकाठच्या क्विन्सीत होता. नदी पाहून नातू गप्प झाला, इतकं पात्र रुंद. पलीकडे मिसुरी, म्हणजे गुलामीचं राज्य. थोडं खाली हॅनिबल, जिथं मार्क ट्वेन लहानाचा मोठा झाला. तो तिथं चड्डीत हुंदडत होता तेव्हा इकडे पंचवीसेक मैलांवर फ्रँक प्लॉट विकत होता.

पळून येणारे गुलाम ही नदी पोहून यायचे. किनाऱ्यापासून चार चौक चढून गेलं की डॉ. रिचर्ड ईल्सचं विटांचं घर लागतं, १८३५ चं. १८४२ मध्ये पोहून आलेल्या चार्ली नावाच्या माणसाला यानं आसरा दिला, गाडीत घालून पुढे नेताना पाठलाग झाला. खटला चालला, ४०० डॉलर दंड झाला. दंड करणारा न्यायाधीश स्टीफन डग्लस, पुढे लिंकनशी वाद घालणारा तोच. वरच्या कोर्टांनीही दंड कायम ठेवला. राज्याच्या गव्हर्नरनं ईल्सला माफी दिली ती २०१४ मध्ये! निकाल लागायला वेळ लागतो हे आम्हाला कुणी सांगायला नको. मॅकवर्टरांचं घरही पळून आलेल्यांना वाट दाखवायचं. धुक्यात त्या चढावर उभं राहिल्यावर कळलं, ओल्या कपड्यांनिशी रात्री हे चार चौक किती लांब वाटत असतील.

सूचना: घर आतून बघायचं तर वेळा आधी विचारून घ्या, आम्हाला बाहेरूनच पाहावं लागलं. सेंट पीटर दफनभूमीत ऑगस्टिन टोल्टन यांची समाधीही जरूर पाहा. मिसुरीत गुलाम जन्मले. १८६२ मध्ये आई लेकरांना घेऊन नदी ओलांडून क्विन्सीला आली. इकडच्या धर्मविद्यालयांनी घेतलं नाही म्हणून रोमला शिकले आणि १८८६ मध्ये तिथंच धर्मगुरू झाले. समाधीवर कुणीतरी ताजी पिवळी फुलं ठेवली होती, पावसानं भिजलेली.

परतताना लेकीनं न विचारता बॅरीला गाडी वळवली. पायवाटेवर चिखल, बुटांना ढेकळं, दुसरं कुणी नाही. धुकं शेतातून वर उठत होतं. नातवानं फलकावर बोट ठेवून विचारलं, "आजोबा, आपण असतो तर कुठला घेतला असता?" मी कोपऱ्यावरचा सांगितला, दोन रस्ते लागलेला. तो म्हणाला, "आणि पैसे कुणाला द्यायचे?" फ्रँकला, म्हटलं.

काउंटीच्या कचेऱ्या सोमवार ते शुक्रवार उघड्या असतात. पुढच्या वर्षी लेकीला एका सोमवारची रजा टाकायला आत्ताच सांगून ठेवलंय.